रविवारी बसवलेलं हाड

(निजामाच्या अमदानीतली भोकरदन तालुक्यातली एक वाडी. रविवारची दुपार, ख्रिस्ती मंडळीची उपासना आटोपली आहे. कडूबाईच्या अंगणात तिघं बसली आहेत: हाडं बसवणारी कडूबाई, तिचे दीर आणि मंडळीचे वडील म्हणजे पुढारी आबाराव, आणि जालन्याहून आलेले पाळक बद्रीनाथ. कुडाबाहेर लिंबाखाली एक माणूस मनगट धरून बसला आहे.)

आबाराव : ...अन् मंग तो गडी उठला, पाळकसाहेब. दोन्ही हात वर केले अन् ओरडला. आत प्रभूची प्रार्थना चालू, समदी मंडळी डोळे मिटून, अन् प्रार्थनाघराच्या दारात ह्यो ओरडला.

पाळक : काय ओरडला?

आबाराव : माझ्या तोंडून नका वदवू.

कडूबाई : ‘येळकोट येळकोट, जय मल्हार’ म्हणला.

आबाराव : बघा! लाज हाय का काही?

कडूबाई : त्यांनी इचारलं, म्या सांगितलं. राधाकिसन मेंढक्या हाय. खांदा बसल्यावर तो काय इंग्रजीत स्तोत्र म्हणंल?

पाळक : म्हणजे गेल्या रविवारी उपासना चालू असताना तुम्ही उठून बाहेर गेलात आणि त्याचा खांदा बसवलात.

कडूबाई : गेले. प्रार्थना रोजच्या भाकरीपर्यंत आल्ती, तेवढ्यात बाहेरून कण्हणं ऐकू आलं. खांदा उतरलेला माणूस येगळा कण्हतो, पोट दुखणारा येगळा. म्या तशीच बसले असते तं तोंड प्रार्थनेत अन् कान बाहेर. असली प्रार्थना देवाला तरी काय कामाची?

आबाराव : उपासना संपायला असा किती येळ होता? तेवढाबी दम निघंना?

कडूबाई : भावजी, प्रार्थना तुम्ही म्हणत होता. तुमचं आमेन येईपर्यंत बाहेरची कालवड गाभण राहते.

पाळक : कडूबाई...

कडूबाई : चुकलं. ताक घ्या तुम्ही. काल दिवसभर घोडीवर बसून अंग आंबलं असंल.

पाळक : घेतो. आबाराव, तुम्हीही घ्या. आणि एकेक करून बोलूया. मी भांडण ऐकायला आलो नाही, काहीतरी ठरवायला आलोय.

कडूबाई : ठरवा, पण जल्दी ठरवा. लिंबाखाली तो माणूस बसलाय ना, त्याचं मनगट मोडलंय. तुम्ही सांगितलं की बोलणं होईपर्यंत कोणाला हात लावू नको, म्हणून म्या नुसता ओला फडका गुंडाळून त्याला बसवलंय. तुमचा मान राखला. पण हाड काही माझा न् तुमचा मान बघत न्हाई. सूज अजून चढली की मंग मला काही करता येत न्हाई.

पाळक : लवकर संपवू. तर असं आहे. पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे. भाकरीचं ताट आबाराव फिरवतात. त्यांचं म्हणणं, कडूबाईपुढे ताट थांबवू नये. ती शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस मोडते, आणि सांगूनही ऐकत नाही. असंच ना, आबाराव?

आबाराव : बराबर. घरचं माणूस हाय म्हणून मी दोन वर्षं गप राह्यलो. एकटं बसवून सांगितलं. हात जोडून सांगितलं. सुंभ जळतो पण पीळ जळत न्हाई.

कडूबाई : पीळ तुमच्याच घरचा हाय. लग्नाआधी मी लई सरळ होते.

पाळक : कडूबाई, प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे ना?

कडूबाई : ठाऊक हाय, साहेब. हसून राह्यले म्हणून समजू नका की मला काही वाटत न्हाई. आम्ही बाप्तिस्मा घेतला तवा भावकीनं पाणी तोडलं. सख्ख्या भावानं लेकीच्या लग्नाला बोलावलं न्हाई. गेले न्हाई मी, पण वाजंत्री ऐकू येत होती, अन् मी दिवसभर ह्या ओट्यावर बसून होते. मंग मंडळीनं जवळ घेतलं. आता मंडळीनंबी दूर केलं तं मी कुठली? मेल्यावर माझ्या धन्याशेजारी मातीबी मिळायची न्हाई. भ्या वाटतं मला त्याचं. लई भ्या वाटतं.

पाळक : मग रविवारी हात लावायचा नाही, एवढंच तर म्हणतात आबाराव.

कडूबाई : ते न्हाई व्हायचं.

आबाराव : ऐकलं? भ्याबी वाटतं अन् ऐकतबी न्हाई.

कडूबाई : भ्या वाटतं हे खरं हाय, अन् न्हाई व्हायचं हेबी खरं हाय. भावजी, मला एक सांगा. आज सकाळी बैलांना पाणी दावलं का?

आबाराव : माझी बैलं रविवारी तहानली राहत न्हाईत. शनिवारी सांजच्याला हौद भरून ठेवतो मी. रविवारी मोट न्हाई, रहाट न्हाई, घागरसुद्धा न्हाई. समद्या वाडीला मालूम हाय.

कडूबाई : हौद गोठ्यात न्हाई, आवाराच्या त्या टोकाला हाय. बैल तिथपर्यंत खुंटा घेऊन जातो का?

आबाराव : दावं सोडतो मी.

कडूबाई : गाठ सोडणं हे काम न्हाई का?

आबाराव : मुका जीव हाय तो, वहिनी.

कडूबाई : अन् राधाकिसनला बोलता येतं म्हणून त्यानं थांबायचं का?

पाळक : आबाराव, प्रभूनंही सभास्थानाच्या अधिकाऱ्याला नेमकं हेच विचारलं होतं. एका वाकलेल्या बाईला त्यानं शब्बाथाच्या दिवशी सरळ केलं, त्या वेळी.

आबाराव : मालूम हाय, साहेब. शास्त्र मलाबी वाचता येतं. पण तिथं प्रभू होता. इथं वहिनी हायेत. प्रभूनं हात ठेवला तं कोणी मल्हारीचं नाव घेतलं न्हाई. हितं माणूस रविवारी का येतो, ते इचारा ना हिला. रविवार खंडोबाचा वार. हिचा बाप रविवारीच बसायचा, कपाळाला भंडारा लावून, देवाचं नाव घेऊन. पंचक्रोशीत अजून लोक म्हणतात, कडूबाईच्या हाताला खंडोबाचं देणं हाय. दारात हळद टाकून जातात. नारळ ठेवतात. ही मंडळीची बाई, अन् हिच्या उंबऱ्यावर हळद!

पाळक : हे खरं आहे, कडूबाई?

कडूबाई : खरं हाय. हळद म्या सांगितली न्हाई अन् पुसलीबी न्हाई. नारळ मात्र ठेवून घेत न्हाई, परत देते.

पाळक : मग वार बदला. लोकांचा गैरसमज आपोआप जाईल. सोमवारी बसा, गुरुवारी बसा.

कडूबाई : बसून बघितलं, साहेब. तुम्हाला काय वाटलं, म्या आपली आडमुठी बसले? बाप्तिस्मा झाला त्याच दिवशी बापाचा भंडारा नदीत सोडला. मला रडू आलं, पण सोडला. अन् दुसऱ्या आठवड्यापासून सोमवारी बसाया लागले. अंगण रिकामं. पावसाळा गेला, दिवाळी गेली, अंगण रिकामंच. मला वाटलं, देणं खंडोबाचंच होतं, ते परत नेलं त्यानं. मंग एक दिवस कारभारी नावाचा गडी आला, पायाची नळी मोडलेली. मोडून बारा-पंधरा दिवस झाल्ते. हाड वाकडं जुळल्तं. म्या इचारलं, इतके दिवस काऊन आला न्हाईस? तं म्हणला, मावशे, तू रविवारी बसत न्हाईस ना. अन् मालक मला रविवारशिवाय सोडत न्हाई.

पाळक : रविवारीच का सोडतो?

कडूबाई : रविवारी बाजार असतो म्हणून. सालगड्याला मीठ-मिरची आणायला मालक अर्धा दिवस देतो, तेवढाच त्याचा. तवा कळलं मला. माझ्या बापाकडं लोक रविवारी यायचे ते खंडोबा त्या दिवशी पावतो म्हणून न्हाई. देवाचं नाव होतं, पण सोडायचा मालक. त्याच्या पुढल्या रविवारपासून म्या पुन्हा बसले. आधी उपासना, मंग अंगण. राधाकिसनचा खांदा तेवढा मधे आला.

पाळक : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.

कडूबाई : तुम्ही येता, उपदेश करता, घोडीवर बसून जाता. बोलायला येळ कुठं असतो?

पाळक : तेही खरंच.

आबाराव : झालं तिचं बोलून? आता माझंबी ऐका. समद्यांना वाटतं आबाराव हेकट हाय. हाय मी हेकट. पण काऊन हाय ते कोणी इचारत न्हाई.

पाळक : सांगा ना. त्यासाठीच आलोय.

आबाराव : आपल्या मंडळीतले गडी समदे सालानं राह्यलेत. मालकाचं काम, रात्र म्हणू नका दिवस म्हणू नका. बाजाराच्या सुटीतबी बाकीच्या गड्यांना सांजच्याला धारा काढाव्या लागतात. आपल्या गड्यांना अख्खा रविवार मिळतो. कसा मिळतो? आम्ही म्हणतो, आमच्या धर्मात रविवारी काम चालत न्हाई. बिलकुल चालत न्हाई. मेलं तरी न्हाई. तवा कुठं पाटील गप बसतो. अन् परवा चावडीवर पाटील मला काय म्हणला? ‘आबाराव, तुझी भावजय रविवारी हाडं बसविते, तिचा धर्म काही बुडत न्हाई. मंग माझं वखर हाणलं तं तुझ्या गड्यांचा कसा बुडतो?’ समदी चावडी हसली. बांधाला एक भगदाड पडलं की पाणी कुठं थांबतं, साहेब?

पाळक : हं.

कडूबाई : हे मला मालूम नव्हतं.

आबाराव : तुम्हाला कसं मालूम असणार? चावडीवर मी बसतो. हसणं मी ऐकतो.

कडूबाई : हे तुम्ही बराबर बोलले, भावजी. ह्याचं काहीतरी करावं लागंल. गड्यांचा रविवार माझ्यापायी जायला नको.

पाळक : आबाराव, मला वाटलं होतं तुम्ही नुसता नियम धरून बसलाय. म्हणून आज उपासनेत मी शास्त्रातला वाळलेल्या हाताच्या माणसाचा उतारा वाचला. मुद्दाम वाचला, लपवत नाही. शब्बाथ होता, सभास्थान भरलं होतं, लोक टपून बसले होते, तरी प्रभूनं त्याला मधोमध उभं करून हात लांब करायला लावला आणि बरा केला. उद्या ये, असं म्हणाला नाही. पण तुमचं लक्षच नव्हतं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

आबाराव : तो उतारा निघाला की मी बाहेरच बघतो.

पाळक : का बरं?

आबाराव : सवय हाय.

कडूबाई : सांगून टाका, भावजी. किती दिवस पोटात ठेवाल?

आबाराव : तुम्हीच सांगा. तुमच्यासमोरच झालं समदं.

कडूबाई : ते म्या सांगायचं न्हाई. हात तुमचा हाय.

पाळक : हात? तुमचा डावा हात गाडीवरून पडून असा झाला ना? तुम्हीच म्हणाला होतात.

आबाराव : गाडीवरून न्हाई पडलो मी.

पाळक : मग?

आबाराव : माझा बाप्तिस्मा नवा होता. वाडीत मी एकटाच. माझा भाऊ रामकिसन अन् ह्या वहिनी अजून मंडळीत आल्या नव्हत्या. मी पाटलाकडं सालानं होतो. मिरचीला पाणी द्यायचं होतं, अन् दिवस रविवारचा. पाटील म्हणला, मोट धर. मी म्हणलं, आज न्हाई मालक, उद्या पहाटं दुप्पट हाणतो. तो म्हणला, आत्ता. मी म्हणलं, न्हाई. मंग पाटलाच्या माणसानं मला मोटेच्या धावेच्या उतारावरून खाली ढकललं. कोपर निखळलं. रामकिसननं खांद्यावर टाकून ह्याच अंगणात आणलं.

कडूबाई : ह्याच ओट्यावर निजवलं होतं. तेल गरम करून आणलं म्या. खोटं कशाला बोलू, भंडाराबी आणला होता, तवा मी त्यातलीच होते. पण तुमच्याकडं बघून भंडारा मागं ठेवला. आठवतं का?

आबाराव : आठवतं. तुम्ही म्हणल्या, भावजी, देवाचं नाव घेत न्हाई, नुसता ओढते. तरी मी हात लावू दिला न्हाई. म्हणलं, आज प्रभूचा दिवस हाय, आज काम न्हाई. पाटलाला न्हाई म्हणून आलो, तं घरात येऊन हो कसा म्हणू? उद्या बसवा, म्हणलं.

पाळक : आणि दुसऱ्या दिवशी?

कडूबाई : दुसऱ्या दिवशी कोपर भोपळ्यावाणी सुजलेलं. बोट टेकलं की बेशुद्ध पडायचे. सूज उतरेपर्यंत सांधा वाकडाच आखडून बसला. मी रातभर दारात बसून होते, साहेब. तेलाची वाटी घेऊन. आत भावजी कण्हत होते अन् मला दहा हातांच्या आत येऊ देत नव्हते. माझ्या उभ्या जन्मात मला एवढा राग कोणाचा आला नसंल.

पाळक : देवा. आणि हे तुम्ही मंडळीत कुणालाच सांगितलं नाही?

आबाराव : एकदा सांगितलं. तुमच्या आधी म्हातारे पाळक होते, त्यांना. ते आले तवा मी तोऱ्यात पुढं गेलो. वाटलं, पाठ थोपटतील. मंडळीपुढं उभं करतील. त्यांनी हात बघितला, समदं ऐकून घेतलं, अन् रडाया लागले. म्हणले, आबाराव, प्रभूनं हे तुझ्याकडं मागितलं नव्हतं रे. अन् मंग तोच उतारा काढून वाचला त्यांनी. वाळलेल्या हाताचा. मला तवा वाचता येत नव्हतं. त्या दिवसापासून गाडीवरून पडलो म्हणतो.

पाळक : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. इतकी वर्षं.

आबाराव : ठाऊक असून काय करता, साहेब? रविवारी हाड बसवलं तं चालतं, असं मी मंडळीपुढं म्हणायचं, अन् घरी जाऊन ह्या हाताला काय सांगायचं? वहिनीचं खरं धरलं तं माझा हात फुकट गेला. मंग कशापायी गेला तो? सांगा ना. तुम्ही शिकलेले हायेत. कशापायी गेला?

कडूबाई : पाटलापायी गेला.

आबाराव : काय?

कडूबाई : पाटलापायी गेला, भावजी. ढकललं कोणी? त्याच्या माणसानं. इतकी वर्षं तुम्ही देवाला अन् सोताला बोल लावत बसले, अन् तो चावडीवर बसून हसतोय. त्याचं नावच कोणी घेत न्हाई.

आबाराव : ते तं खरं, पण...

कडूबाई : पण काय? ऐका माझं. त्या दिवशी तुम्ही दोनदा न्हाई म्हणले. एकदा पाटलाला, एकदा मला. दोन्ही एकात गुंडाळून ठेवलेत तुम्ही, अन् म्हणून हा घोळ झालाय. पाटलाला न्हाई म्हणले ते सोन्यासारखं केलं. त्याच्यापायीच आज वाडीतल्या गड्यांना रविवार मिळतो. पाटील तुमच्या धर्माला भीत न्हाई, साहेबांच्या घोडीलाबी भीत न्हाई. तो तुमच्या वाकड्या हाताला भितो. त्याला मालूम हाय, ही माणसं हात देतील पण औत धरणार न्हाईत. ते फुकट गेलं, असं मला कोणी म्हणून बघावं.

आबाराव : वहिनी...

कडूबाई : थांबा, माझं झालं न्हाई. पण मला न्हाई म्हणले, ते चुकलं. मी काय पाटील होते? तुमच्या भावाची बायको, तेल घेऊन उभी होते. मालकाला द्यायचं उत्तर तुम्ही मला दिलं. अन् आता तेच उत्तर राधाकिसनला द्या म्हणता, कारभाऱ्याला द्या म्हणता. तुमचा हात तुम्ही दिला, तो तुमचा होता. दुसऱ्याचा कसा देता?

पाळक : शब्बाथाच्या आज्ञेतही गड्याचं आणि बैलाचं नाव आहे, आबाराव. त्यांना विसावा मिळावा म्हणून तो दिवस. औत धरायला लावणं म्हणजे तो विसावा काढून घेणं. हाड बसवणं तसं नाही.

कडूबाई : हेच सांगा पाटलाला चावडीवर. म्हणावं, वखर हाणलं तं पीक तुझ्या घरी जातं. मनगट बसवलं तं ते त्याचं त्याच्याच हाताला राहतं. माझ्या अंगणातून मालकाच्या घरी काही जात न्हाई. तुमच्यानं बोलवत नसंल तं मी येते चावडीवर.

आबाराव : बाईमाणूस चावडीवर?

कडूबाई : हाडं बसवताना कोणी बाईमाणूस म्हणत न्हाई मला. अन् अजून एक. हे तुमच्या भावानं सांगायला पायजे होतं, पण भाऊ भावाला असलं कधी सांगतो का? आम्ही दोघं मंडळीत का आलो, माहीत हाय?

आबाराव : म्हाताऱ्या पाळकांनी उपदेश केला म्हणून.

कडूबाई : त्यांचा उपदेश मला अर्धा कळायचाच न्हाई. त्या रात्री दारात बसले असताना मी धन्याला म्हणलं, हा तुमचा भाऊ लहानपणी मेंढराला काठी मारायची तं रडायचा. अन् आज पाटलाला तोंडावर न्हाई म्हणून आला. ह्यानं कोणता देव धरलाय, ते एकदा बघून तं येऊ. बघाया म्हणून आलो अन् राह्यलो. मला राग लई आल्ता तुमचा. पण जीवबी तेवढाच लागला. आता तुम्हीच मला मेजावरून उठवायचं म्हणता, ते माझ्या काळजाला लागतं. बाकीचं कोणी म्हणलं असतं तं मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

आबाराव : रामकिसन कधी बोलला न्हाई हे.

कडूबाई : तुमच्यामागं बोलायचा. गावभर बोलायचा.

आबाराव : खरंच बोलायचा?

कडूबाई : शेळ्यांनासुद्धा सांगायचा.

पाळक : आबाराव, मला विचाराल तर कडूबाईंचं बरोबर आहे, असं मी म्हणेन. पण मी निकाल लादणार नाही. ताट तुम्ही फिरवता. तक्रार तुमची आहे, आणि तुम्ही किंमत मोजून ती केली आहे, हे मला आज कळलं. तुम्हाला ती मंडळीपुढे उभी करायची असेल तर मला ऐकून घ्यावी लागेल, आणि निवाडा होईपर्यंत कडूबाईंना मेजावर येता येणार नाही. काय करायचं ते तुम्ही सांगा. वाटलं तर पुढच्या शनिवारपर्यंत विचार करा.

कडूबाई : करा विचार. मी काही पळून जात न्हाई.

आबाराव : तो माणूस अजून बसलाय का?

कडूबाई : लिंबाखालीच हाय. सावली सरकली तसा सरकलाय.

आबाराव : ए भाऊ! आत ये. ये, ये, कुडाला इकडून दार न्हाई, तिकडून ये. नाव काय?

मच्छिंद्र : मच्छिंद्र. पिंपळगाव रेणुकाईचा.

आबाराव : पायी आलास?

मच्छिंद्र : पायीच आलो, मालक.

आबाराव : मला मालक म्हणू नको. कशानं मोडलं?

मच्छिंद्र : बैलानं खांबाला दाबलं. परवा. मालक म्हणला, बाजाराच्या दिवशी जा.

आबाराव : परवापासून तसाच कामावर हायेस?

मच्छिंद्र : एका हातानं शेण काढलं. वैरण बायकोनं टाकली.

आबाराव : उद्या सुटी भेटंल का तुला? उद्या आलास तं?

मच्छिंद्र : उद्या? उद्या कशाची सुटी? दिवस मावळायच्या आत गोठ्यात पायजे मी. न्हाई गेलो तं दुसरा गडी बघतो म्हणला. बाई करत न्हाईत का आज? मला सांगितलं होतं की रविवारी बसतात.

आबाराव : बसतात. पाणी पिलास का? त्या मडक्यातलं घे. पाळकसाहेब...

पाळक : बोला.

आबाराव : तक्रार मागं घेतो मी. समदं पटलं म्हणून न्हाई. पटायला अजून लई येळ लागंल, अन् कदाचित पटायचंबी न्हाई. मी रविवारी गाठसुद्धा मारणार न्हाई. हौद शनिवारीच भरणार. पण ह्याला उद्याचा दिवस न्हाई. मला होता, तरी माझा हात वाया गेला. ह्याला तं न्हाईच.

पाळक : ताट?

आबाराव : थांबंल वहिनीपुढं. पण त्या हळदीचं काहीतरी करा म्हणावं. रोज सकाळी उंबरा झाडायचा.

कडूबाई : झाडते. उद्यापासून रोज झाडते. भावजी, तुम्ही... जाऊ द्या. बस रे मच्छिंद्र इथं, पाठ भिंतीला लाव. पाळकसाहेब, तुम्ही बाज तेवढी तिकडं सरकवा, मला उजेड पायजे. हं. बोटं हलव. हलतात. सुजलंय, पण हाड हाताला लागतंय अजून, देवाची कृपा. बांधायच्या बांबूच्या कांबट्या कुठं ठेवल्या म्या? ह्या. तेल गरमच हाय.

पाळक : माझी काही मदत?

कडूबाई : धरायला माणूस लागतो. मी इकडून ओढायचं, अन् कोणीतरी तिकडून दंड घट्ट धरायचा. आधी माझे धनी धरायचे. ते गेल्यापासून शेजारची बायनाबाई धरते, पण ती बाजारात गेली.

पाळक : मी धरतो.

कडूबाई : तुमचा जीव मऊ हाय, साहेब. हा ओरडला की तुम्ही सोडून द्याल.

आबाराव : वहिनी.

कडूबाई : काय?

आबाराव : एकाच हातानं धरलं तं चालंल का?

कडूबाई : चालंल. या, असं माझ्यासमोर बसा.